तिसरा थर

एबो अमिसाच्या हातून आजवर झालेलं सगळ्यात थोर कार्य म्हणजे साहेबांच्या फोटोत मागे वाळत पडलेली चड्डी पुसून तिथे निळं आकाश बसवणं. आकाश थोडंसं साहेबांच्या कानातही शिरलं होतं. पण साहेबांच्या ते ध्यानात आलं नाही, आणि तेव्हापासून कचेरीत कुणाचा ओळखपत्रावरचा फोटो बिघडला की लोक "एबोला दाखवा" म्हणायला लागले. माणसाचं डोकं फिरायला एवढं पुरतं. एरवी एबो हा सेहेचाळीस वर्षांचा, सॉल्टपाँडच्या एका सरकारी कचेरीतला, इस्त्रीचा शर्ट घालून वेळेवर जाणारा वरिष्ठ कारकून होता, आणि तसाच तो सुखानं निवृत्तही झाला असता.

पण जानेवारीत घरच्या बैठकीत एफुआ आजीनं फोटोचा विषय काढला.

आजी त्या आठवड्यात एक्क्याण्णव वर्षांची होणार होती. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. डॉक्टरांनी नजरेला ईस्टरपर्यंतची मुदत दिली होती, तीही जरा हात सैल सोडून. नजर कशी आहे असं कुणी विचारलं की आजी म्हणायची, "आधी दार होतं, मग खिडकी झाली, आता किल्लीचं भोक राहिलंय." त्या भोकातून तिला एका वेळी एकच चेहरा दिसायचा, त्याच्या शेजारी बसलेला माणूस म्हणजे नुसता अंधार. आणि तिला मुलगे होते दोन.

"दोघं समोर येऊन बसले तरी मला एकच दिसणार," ती म्हणाली. "फोटो लहान असतो. फोटोत दोघं एकदम मावतील. रविवारी चर्चमध्ये माझ्या नावाची प्रार्थना आहे, त्याच्या आत मला तो हातात हवा. पुढचं कुणी सांगितलंय?"

आता यात अवघड ते काय, असं कुणालाही वाटेल. अवघड एवढंच होतं की थोरले मामा क्वामेना आणि धाकटे मामा जोजो एकोणीस वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कोबिना आजोबा गेले तेव्हा शवपेटी आणायचं काम रिवाजाप्रमाणे मुलांकडे आलं. आजोबा स्वतः सुतार, गावातल्या निम्म्या खुर्च्या त्यांच्या हातच्या. त्यांची पेटी म्हणजे काही ऐरीगैरी गोष्ट नव्हे. मुठी पितळेच्या हव्यात असं थोरल्यांचं म्हणणं, निकेलच्या हव्यात असं धाकट्यांचं. शेवटी एका बाजूला पितळ आणि दुसऱ्या बाजूला निकेल अशा पेटीतून आजोबा गेले, आणि त्या दिवसापासून भाऊ भावाची सावली टाळायला लागला. बैठकीत एकाला दुसऱ्याशी बोलायचंच झालं तर "त्याला सांगा" अशी सुरुवात व्हायची, आणि दोन हातांवर बसलेल्या त्या माणसाला मधल्या कुणीतरी ते मोठ्यानं पुन्हा सांगायचं. मधला म्हणजे एबो. मामांची एकुलती एक बहीण ही एबोची आई. ती गेल्यावर मध्ये उभं राहायचं काम वारशानं त्याच्याकडे आलं होतं.

"तो असेल तिथे मी बसणार नाही, हे त्याला सांग," थोरले मामा म्हणाले. धाकट्यांनी तेच शब्द जसेच्या तसे परत पाठवले. एवढ्या एका बाबतीत भावांचं एकमत होतं.

 आजीनं अंगावरच्या कापडाचं टोक हळूच डोळ्यांना लावलं. आणि आजीचे डोळे ओले दिसले की एबोच्या जिभेला लगाम राहत नाही.

"एकत्र बसायचं कामच नाही," तो म्हणाला. "थोरल्या मामांनी सकाळी यायचं, धाकट्यांनी दुपारी. मी दोन फोटो काढतो आणि त्यांचा एक करतो. संगणकात सोय असते, एकावर एक थर ठेवले की आपोआप जुळतात. आजी, रविवारच्या आत फोटो तुझ्या हातात!"

त्याची बायको अराबा कोपऱ्यात बसली होती. तिचा शिवणकामाचा धंदा; दोन तुकडे एकमेकांना जोडायचे म्हणजे काय भानगड असते, हे त्या बैठकीत फक्त तिला ठाऊक होतं. तिनं कपाळावर हात मारला, पण सभ्यपणे, आवाज न करता.

बुधवारी एबोनं रजा टाकली. हारमाटनचे, वाळवंटाकडून येणाऱ्या कोरड्या वाऱ्याचे दिवस होते. हवेत धुळीचं इतकं दाट पीठ मिसळलं होतं की सूर्य भरदुपारीही उकडलेल्या अंड्याच्या पिवळ्यासारखा दिसत होता आणि समोरच्या घरांना कडा उरल्या नव्हत्या. एबोनं व्हरांड्यात आजीची खुर्ची मांडली, तिच्या दोन्ही बाजूंना आजोबांच्या हातच्या दोन खुर्च्या ठेवल्या, समोर तिपाईवर कॅमेरा बसवला, आणि खुर्च्यांच्या आणि तिपाईच्या पायांभोवती खडूनं गोल काढले. थोरले उजवीकडे, धाकटे डावीकडे, मध्ये आई. योजनेत खोट काढायला जागा नव्हती.

शेजारचे मिस्टर बोटवे कुंपणावर कोपरं टेकून बघत होते. ते जमीन मोजणी खात्यातून निवृत्त झाले होते, आणि जगात मोजता येत नाही असं काही असू शकतं हे त्यांना मान्य नव्हतं.

"दोन बिंदू पक्के धर," ते म्हणाले. "दोन पक्के असले की तिसरा जातो कुठे?"

सकाळी थोरले मामा आले, आजीच्या उजवीकडे बसले, आणि तुरुंगाधिकाऱ्यानं बघावं तसं सरळ कॅमेऱ्यात बघितलं. आजीनं आपला उजवा हात त्यांच्या हातावर ठेवला. फोटो झाला, मामा गेले. त्यांच्यामागून अराबा केरसुणी घेऊन आली आणि सगळे गोल झाडून मोकळी झाली.

"अगं, खुणा होत्या त्या!"

"जोजो मामा यायचेत, आणि व्हरांड्यात ही खडूची घाण? ते गावभर सांगतील अराबाला केर काढता येत नाही म्हणून. तुझ्या खुणा तुझ्यापाशी."

मधल्या काळात कॅमेऱ्याला ऊन लागेल म्हणून मिस्टर बोटव्यांनी तिपाई उचलून सावलीत ठेवली होती. शेजारधर्म म्हणजे शेजारधर्म. एबोनं ती अंदाजानं परत आणून मांडली.

तीन वाजता धाकटे मामा आले. डावीकडच्या खुर्चीपाशी थबकले. आजीकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं, मग एबोकडे.

"इथे? आई मला हात देणार तो डावा?"

 त्या मुलखात डाव्या हातानं कुणी शेजाऱ्याला मीठसुद्धा देत नाही. आणि इथे सख्ख्या आईनं सख्ख्या मुलाला डावा हात दिल्याचा कागदी पुरावा भिंतीवर टांगायचा होता. सेहेचाळीस वर्षं त्याच गावात काढलेल्या माणसाला हे आधी कसं सुचलं नाही, हे त्याचं त्यालाच कळेना.

"मामा, तुम्ही बसा तर. कॉम्प्युटरमध्ये बघून घेऊ."

"कॉम्प्युटर तुझ्या घरात. माझी इज्जत गावात. मी उजवीकडेच बसणार."

ते उजवीकडे बसले. त्याच खुर्चीत, तसंच सरळ कॅमेऱ्यात बघत. आजीनं तोच हात त्याच जागी ठेवला. एबोनं बटण दाबलं, आणि आपण एकाच खुर्चीत दोन माणसं बसवून ठेवली आहेत हे त्याला रात्री जेवताना, मक्याच्या केंकीचा घास हातात असताना कळलं.

तरी तो डगमगला नाही. आधी थर जुळवू, मग धाकट्यांना कापून डावीकडे नेऊ, असं त्यानं ठरवलं. गुरुवारी पुन्हा रजा. प्रोग्राम उघडला, दोन्ही फोटो एकावर एक ठेवले आणि आपोआप जुळणीचं बटण शोधलं. बटण होतं, पण राखाडी, दाबता न येणारं. दोन तास तो त्याच्यावर बोट आपटत राहिला. दोन्ही थर निवडल्याशिवाय आणि खालच्या थराचं कुलूप काढल्याशिवाय बटण जागं होत नाही, हे त्याला अकराच्या सुमाराला कळलं. बटण जागं झालं तेव्हा प्रोग्रामनं थोडा विचार केला आणि कळवलं, की या दोन चित्रांत पुरेसा सारखा भाग सापडत नाही.

"सापडत नाही म्हणजे?" एबो ओरडला. "तीच भिंत! तीच आजी!"

कुंपणापलीकडून मिस्टर बोटव्यांनी सल्ला दिला की प्रोग्रामला भिंतीची एक कड धरून दे. अराबानं सल्ला दिला की स्टुडिओवाल्याला दे. एबोनं दोघांना बाजूला सारून जुळणीचे सगळे प्रकार एकेक करून पाहिले. एका प्रकारात आजीची मान जिराफासारखी निघाली. एका प्रकारात अख्खा व्हरांडा भोपळ्यासारखा गोल झाला आणि थोरले मामा त्याच्या पोटावर चढून बसले. प्रोग्रामच्या मदत-कक्षाला पत्र लिहायला घेतलं तर आधी आपण माणूस असल्याचं सिद्ध करावं लागलं. नऊ चौकोनांतून पूल ओळखायचे होते. एबोला दोनदा पूल चुकले, आणि आपल्या माणूसपणाबद्दल सरकारी नोकराला वाटू नये तेवढी शंका त्याला त्या दुपारी वाटून गेली.

शुक्रवारी सकाळी त्यानं सकाळचा आणि दुपारचा उजेड सारखा करून घेतला, सगळ्यात साधा प्रकार निवडला, नुसतं सरकव आणि फिरव, आणि बटण दाबलं. यावेळी प्रोग्रामनं तक्रार केली नाही. भिंतीवर भिंत बसली. आजीवर आजी अशी बसली की दोन होत्या हे कुणी सांगितलं असतं तर खोटं वाटलं असतं. जुळणी नीट झाली का हे बघायला एबोनं वरचा थर अर्धा पारदर्शक केला.

आणि त्याचा हात माउसवर तसाच राहिला.

थोरले मामा गोल चेहऱ्याचे, धाकटे लांबट. एकावर एक बसल्यावर चार कान, चार डोळे असं काहीतरी भूत दिसेल अशी त्याची अपेक्षा होती. भूत नव्हतं. खुर्चीत एक माणूस बसला होता, चांगला रेखीव, सत्तरीचा. कोबिना आजोबा. एबो सत्तावीस वर्षांचा होईपर्यंत त्यांच्या मांडीला मांडी लावून जेवला होता. त्याला ओळखायला कुणाची साक्ष नको होती.

बरं, मुलं बापासारखी दिसतात, दोघांची सरासरी काढली तर बाप निघायचाच, असं त्यानं स्वतःला बजावलं. आवाज जरा मोठा लागला. पण डाव्या भुवईवर पटाशी निसटल्याचा जो आडवा व्रण आजोबांना होता, तोही तिथे होता. एबोनं वरचा थर बंद केला. खाली थोरले मामा, भुवई साफ. तो चालू करून खालचा बंद केला. धाकटे मामा, भुवई साफ. दोन्ही चालू केले. व्रण. आणखी एक गोष्ट होती. मामा दोघंही सरळ कॅमेऱ्यात बघत होते. खुर्चीतला माणूस कॅमेऱ्यात बघत नव्हता. तो मान किंचित वळवून आजीकडे बघत होता.

"अराबा," एबोनं हाक मारली. "जरा येतेस का गं? घाई नाही. पण लवकर ये."

अराबा आली. तिनं ओठांत धरलेल्या टाचण्या एकेक करून काढून हातात घेतल्या.

"हे तू केलंस?"

"मी फक्त बटण दाबलं."

"मग पुन्हा दाब आणि घालव त्यांना. असं न विचारता कुणाला आणतात का?"

एबोनं सगळं पुसून पहिल्यापासून केलं. तेच. फाईल दुसऱ्या नावानं केली. तेच. मिस्टर बोटव्यांना शास्त्रीय मताकरता बोलावलं. ते चष्मा पुसत आले, म्हणाले, "यात घाबरण्यासारखं काय, हा निव्वळ भूमितीचा..." आणि पडद्यापाशी वाकले. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "मिस्त्री, बरं आहे ना?" असं ते हळूच म्हणाले, आणि मागच्या दारानं घरी गेले. त्यानंतर त्यांनी एकही सल्ला दिला नाही, याचीच एबोला जास्त धास्ती बसली.

त्यानं ती फाईल मदत-कक्षाला पाठवून दिली. तक्रारीचा तपशील या रकान्यात "माणूस जास्त झाला आहे" एवढंच लिहिलं.

पण रविवार थांबणार नव्हता, आणि आजी दर दोन तासांनी आतून विचारत होती, "जुळले का रे?" तेव्हा दुपारी एबोनं जुळणीचा नादच सोडला. दोन्ही मामा एका खुर्चीत येऊच द्यायचे नाहीत, म्हणजे मधून तिसरा उगवणार नाही. त्यानं धाकट्यांचा फोटो आरशातल्यासारखा उलटा केला. मामा आपसूक डावीकडे गेले. मग आजीच्या नाकावरून उभी रेघ मारून अर्धा हा आणि अर्धा तो असं जोडलं. आजीचा चेहरा मध्ये जरा घडी पडल्यासारखा झाला, पण दोन मुलगे दोन बाजूंना होते आणि खुर्च्यांत ज्यांनी बसायचं तेच बसले होते. एबोला इतकं हायसं वाटलं की त्यानं तो फोटो दोन्ही मामांना फोनवर पाठवून दिला, खाली 'देवाची कृपा' असं लिहून.

पाचव्या मिनिटाला फोन वाजला.

"आईनं मला डावा हात दिलाय," धाकटे मामा म्हणाले. आवाज अगदी थंड होता.

"नाही मामा, तो उजवाच आहे. उलटा केल्यामुळे तो..."

"मी चष्मा लावून बघतोय, एबो. अंगठा कुठे आहे, बोटं कुठे आहेत, मला कळतं. त्याला उजवा, मला डावा. कुणी करायला लावलं तुला हे? त्यानं?"

त्यांचा ठेवतो न ठेवतो तोच थोरल्यांचा फोन. आईच्या तोंडाला घडी घातलीस, माझ्या आईला गावात डावखोरी ठरवलंस, आणि म्हणे देवाची कृपा! दोघांनीही शेवटी एकच वाक्य उच्चारलं: रविवारी प्रार्थनेला मी येणार नाही, आणि उद्या येऊन माझा फोटो माझ्या डोळ्यांदेखत पुसून घेणार. एबोनं फोन खाली ठेवला. दोघं एकत्र दिसावेत म्हणून निघालेला माणूस, आणि आता तर एकेकटेही दिसायचे बंद होणार होते. त्याला रडू आलं. सेहेचाळिसाव्या वर्षी, इस्त्रीच्या शर्टात, शिलाई मशीनच्या शेजारी बसून तो रडला. अराबानं त्याला एक शब्दही सुनावला नाही. इतकी वाईट परिस्थिती होती.

शनिवारी हवा आणखी दाटली. कोंबड्या दिवसाढवळ्या खुराड्यात जाऊन बसल्या होत्या. दुपारी मदत-कक्षाचं उत्तर आलं.

'महोदय, आपण पाठवलेली फाईल तपासली. तिच्यातील तिन्ही थर उत्तम जुळलेले आहेत. वरचे दोन थर आपण हलवू शकता. सगळ्यात खालच्या थराला कुलूप आहे आणि ते आमच्याकडून निघत नाही. तो थर ज्यांनी ठेवला त्यांच्याशी संपर्क साधावा.'

एबोनं फाईल उघडली. थर मोजले. एक, दोन. पुन्हा मोजले, यावेळी बोट लावून. एक, दोन. तेवढ्यात दुमसोर झालं, म्हणजे गावाची वीज गेली. पंखा थांबला, अराबाचं मशीन थांबलं, आणि धुळीनं अंधारलेल्या त्या खोलीत बॅटरीवर चाललेला तेवढा पडदा उजळ राहिला. त्यात आजोबा बसलेले.

"कोण आहे तिथे?" दारातून आजीनं विचारलं.

"कुणी नाही आजी. फोटो आहे. बिघडलाय."

"बिघडू दे. दाखव."

ती भिंत चाचपत आली. एबोच्या मनात पडदा मिटायचं आलं, पण हात उचलला नाही. आजी टेबलापाशी बसली, नाक पडद्याला टेकेल इतकी पुढे झुकली, आणि आपलं ते किल्लीचं भोक चित्रावरून हळूहळू फिरवायला लागली. भिंत. तिचा स्वतःचा हात. मग वर. तिथे ती थांबली. जिला तीन फुटांवरचा नातू आवाजावरून ओळखावा लागे, तिला हा चेहरा ओळखायला क्षणही लागला नाही.

"अगोबाई," ती म्हणाली. मग अगदी घरच्या आवाजात, "एकोणीस वर्षांनी बसायला सवड मिळाली होय तुम्हाला? आणि बसलात ते पोरांच्या अंगावर?"

अराबानं एबोचं मनगट धरलं. 

"बोलत का नाही?" आजीनं पडद्याला विचारलं. "त्यांना काही सांगायचंय की मला?"

नेमकं तेव्हाच फाटक वाजलं. दोन्ही मामा आपापला फोटो पुसून घ्यायला निघाले होते. एक वरच्या रस्त्यानं, एक खालच्या. आणि त्या धुळीत समोरचं न दिसल्यामुळे दोघं एकाच वेळी एकाच फाटकातून आत आले. एरवी दोघांपैकी एक मागे फिरला असता. पण दोघांच्याही तोंडात शिव्या तयार होत्या, आणि शिव्या तयार असताना माणूस मागे फिरत नाही.

"एबो!" थोरले मामा दारातूनच गरजले. "आधी त्याला सांग, की..."

"त्याला सांग, पहिला मी आलोय," धाकटे म्हणाले.

"हळू बोला," आजी मागे न वळता म्हणाली. "तुमचे वडील बसलेत."

दोघं पडद्याच्या उजेडात आले. थोरले मामा डावीकडून वाकले, धाकटे उजवीकडून. पुढे जे झालं त्याबद्दल एबो आणि अराबा यांच्यात पुष्कळदा वाद झाला. अराबा म्हणते चित्रातल्या माणसानं मान हलवली, एबो म्हणतो पडदा मंद होत होता त्यामुळे तसं वाटलं. तो हे म्हणतो तेव्हा त्याच्या अंगावर काटा असतो. एवढं मात्र दोघांनी ऐकलं, की थोरल्या मामांच्या घशातून आवाज निघाला, आणि तो आवाज एबोशी बोलत नव्हता.

"जोजो. ती भुवईवरची खूण तुला दिसते का?"

 धाकटे मामा दाराची चौकट पकडावी तसा थोरल्यांचा दंड पकडून उभे होते. कधी पकडला ते त्यांनाही कळलं नव्हतं.

"दिसते, दादा."

"माझ्या भुवईवर नाही."

"माझ्याही नाही."

"मग कुणी..."

"नको ना विचारू," धाकटे मामा म्हणाले. अडुसष्ट वर्षांचा माणूस, पण आवाज सात वर्षांचा आला.

आजीनं खुर्ची वळवली. पडद्याकडे पाठ करून ती मुलांच्या आवाजाच्या दिशेनं बघायला लागली, आणि तिचा हात हवेत काहीतरी शोधायला लागला. "दोघं आलात? खरंच दोघं? समोर बसा पाहू माझ्या. खाली, जमिनीवर."

दोन्ही मामा गुडघे धरत, कण्हत कण्हत जमिनीवर बसले. आजी पुढे झुकली. तिनं एकाचा चेहरा पाहिला. मान हलवली, दुसऱ्याचा पाहिला. पुन्हा पहिल्याकडे आली.

"नाही," ती म्हणाली. "हा दिसतो तर तो जातो. सरका. अजून जवळ सरका रे."

मामा सरकले. खांद्याला खांदा लागला.

"अजून."

"अगं आई, आता कुठे सरकू?" थोरले मामा म्हणाले.

आजीनं दोन्ही हात पुढे केले. उजव्या हातानं थोरल्यांचा कान धरला आणि डाव्या हातानं धाकट्यांचा, लहानपणी धरत असेल तसा. धाकट्यांनी त्या हाताकडे एकदा बघितलं, आणि मुकाट्यानं मान पुढे केली. तिनं दोघांची डोकी ओढून एकमेकांना टेकवली. गोल गाल लांबट गालाला चिकटला. दोन म्हातारे, एकोणीस वर्षांचे वैरी, कानाला कान लावून श्वास रोखून बसले, आणि थोरल्यांच्या डोळ्यांतलं पाणी कुणाच्या गालावरून खाली गेलं हे सांगता येईना.

एबोला कॅमेऱ्याची आठवण झाली. तो आणायला वळला, तेव्हा त्याची नजर टेबलावर गेली. पडदा विझायच्या बेतात होता. खुर्चीत दोन मामा एकावर एक सांडल्यासारखे दिसत होते, चार डोळे, दोन नाकं, सगळे डोळे सरळ कॅमेऱ्याकडे लागलेले. फोटो नीट जुळला नाही की दिसतो तसला नेहमीचा गिचमिड प्रकार. व्रण कुठेच नव्हता. त्यानं कुठल्याही बटणाला हात लावला नव्हता. त्यानं तोंड उघडलं, अराबाकडे वळला, पण अराबानं ओठांवर बोट ठेवलं.

आजीचा चेहरा मुलांपासून वीतभर अंतरावर होता. ती पापणी न लववता बघत होती.

"मावलात," ती म्हणाली. "आता हलू नका."